गर्भाशय काढल्यानंतर : टाके सुटतात, ताकद कमवावी लागते

चाळिशी ते पंचावन्न या वयोगटातील स्त्रियांवर होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा क्रमांक बराच वरचा आहे. अतिरक्तस्राव, फायब्रॉइडच्या गाठी, गर्भाशय खाली सरकणे, एंडोमेट्रिओसिस आणि कर्करोग ही तिची प्रमुख कारणे. बोलीभाषेत ‘पिशवी काढणे’ असे सहजपणे म्हटले जाते आणि त्या सहजतेमुळेच शस्त्रक्रियेनंतरच्या काळाकडे दुर्लक्ष होते. रुग्णालयातून घरी आलेल्या स्त्रीला काही घरांत महिनाभर पलंगावरून उतरू दिले जात नाही. काही घरांत आठव्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असते. या दोन्ही गोष्टी तिच्या प्रकृतीला मारकच ठरतात.

शस्त्रक्रिया यशस्वी होणे आणि शरीराला पूर्वीची ताकद येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्वचेवरचे टाके साधारण आठवड्याभराने काढले जातात, तेव्हा जखमेला मूळ त्वचेच्या मजबुतीच्या केवळ दहा टक्के मजबुती आलेली असते. सत्तर ते ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचायला तिला सुमारे तीन महिने लागतात आणि पूर्वीइतकी मजबुती पुढेही येत नाही. वरची जखम सुकलेली दिसली तरी आतली दुरुस्ती चालूच असते. या तीन महिन्यांत स्त्री काय खाते, किती चालते, काय उचलते आणि कोणत्या तपासण्या करून घेते, यावर तिची पुढची अनेक वर्षांची प्रकृती अवलंबून असते.

नेमके काय काढले?

अनेक स्त्रियांना आपल्या शरीरातून नेमके काय काढले हे ठाऊक नसते. ‘सगळे काढून टाकले’ एवढेच उत्तर मिळते. पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने मात्र हा तपशील अत्यंत महत्त्वाचा आहे.

गर्भाशय आणि गर्भाशयमुख दोन्ही काढले असेल, तर ती पूर्ण शस्त्रक्रिया. गर्भाशयमुख ठेवून वरचा भाग काढला असेल, तर ती अंशतः. कर्करोगात आजूबाजूच्या ऊती व लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात आणि मग बरे होण्याचा काळ लांबतो. दोन्ही अंडाशय काढले की ठेवले, हा यातला सर्वांत कळीचा प्रश्न. गर्भाशय गेल्याने पाळी थांबते. पण अंडाशय शाबूत असतील तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होत राहते. अंडाशयही काढले असतील, तर निसर्ग जो बदल काही वर्षांत हळूहळू घडवतो, तो एका दिवसात घडतो.

शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने झाली, यावरही बरे होण्याचा वेग ठरतो. पोटावर छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन ते पाच दिवस रुग्णालयात राहावे लागते आणि रोजच्या व्यवहारांवर परतायला सहा ते आठ आठवडे लागतात. योनिमार्गाने किंवा दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत घरी जाता येते आणि दोन ते चार आठवड्यांत हलकी कामे करता येतात. मात्र इथे एक फसगत होते. पोटावर तीन-चार बारीक खुणाच दिसत असल्याने घरच्यांना आणि खुद्द त्या स्त्रीलाही शस्त्रक्रिया किरकोळ होती असे वाटू लागते. गर्भाशयमुख काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला घातलेले टाके मात्र मार्ग कोणताही असला तरी तेवढेच असतात आणि ते भरून यायला सहा ते बारा आठवडे लागतात.

म्हणून घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचा प्रकार, अंडाशयांची स्थिती आणि शेवटचे हिमोग्लोबिन या तीन नोंदी आहेत याची खात्री करून घ्यावी. काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल काही दिवसांनी येतो. तो आठवणीने आणावा, डॉक्टरांकडून समजून घ्यावा आणि कायम जपून ठेवावा. गर्भाशयमुख ठेवलेले असेल, तर त्याच्या कर्करोगाची नियमित तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. ते काढले असेल, शस्त्रक्रिया कर्करोगासाठी नसेल आणि पूर्वीच्या तपासणीत पेशींमध्ये गंभीर दोष आढळले नसतील, तर सहसा त्या तपासणीची गरज उरत नाही.

पहिले दोन दिवस

पूर्वी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दिवसेंदिवस निजवून ठेवण्याची पद्धत होती. डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात या पद्धतीलाच आव्हान दिले. लवकर खाणे, लवकर उठणे, वेदनांवर नेमके नियंत्रण आणि नळ्यांचा कमीत कमी वापर यांमुळे रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी मांडले. आज स्त्रीरोगांवरील शस्त्रक्रियांनंतरही हीच दिशा स्वीकारली गेली आहे.

अंथरुणात पडून राहण्याची किंमत मोठी असते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणात ठेवले गेले. तेवढ्या काळात त्यांच्या पायांतील स्नायुभार सरासरी सुमारे एक किलोने घटला. पन्नाशीतील स्त्रीची झीज कदाचित कमी असेल, पण दिशा तीच. शिवाय पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा आणि ती फुफ्फुसात जाण्याचा धोका वाढतो.

म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच, बहुतेकदा चोवीस तासांच्या आतच, आधाराने उठून बसावे आणि खोलीत चार पावले चालावे. उठताना थेट पोटावर ताण देऊ नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसावे. खोकला आला तर पोटाशी उशी घट्ट धरावी. पडल्या पडल्या घोटे वरखाली हलवत राहावे आणि तासातासाने दीर्घ श्वास घ्यावेत. वेदनाशामक गोळी टाळणे म्हणजे सोशिकपणा, असा एक समज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात दुखणे अंगावर काढणारी स्त्री चालत नाही, खोल श्वास घेत नाही आणि तिचे बरे होणे लांबते. ठरलेल्या वेळी गोळी घेणे हा उपचाराचाच भाग आहे.

सहा आठवडे आणि घरकाम

घरी आल्यानंतर ‘जड उचलू नका’ एवढीच सूचना सर्वांच्या लक्षात राहते. पण जड म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. साधारणपणे पहिले सहा आठवडे चार ते पाच किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, असा सल्ला दिला जातो. या मापाने स्वयंपाकघराकडे पाहिले की बरेच काही स्पष्ट होते. दहा लिटर पाण्याचा हंडा भांडे धरून दहा किलोंच्या पुढे जातो. स्नानाची भरलेली बादली त्याहून जड असते. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसह त्याचे वजन तीस किलोंच्या घरात जाते. वरण-भाताने भरलेला मोठा कुकर, दळणाचा डबा, ओल्या कपड्यांची बादली आणि नातवंड ही सगळी वजने पहिल्या सहा आठवड्यांत वर्ज्यच. सिलिंडर तिरका करून ढकलणे आणि कपाट सरकवणे ही कामेही उचलण्याइतकीच घातक आहेत. कारण त्यांतही ओटीपोटावर तोच दाब येतो.

पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा चालावे. दुसऱ्या आठवड्यात हा अवधी दहा मिनिटांवर न्यावा. जिना चढायला हरकत नसते, मात्र कठड्याला धरून, सावकाश आणि दिवसातून एकदा-दोनदाच. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी खाली उतरण्याचे प्रसंग एकत्र करावेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बसून भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, चहा-नाश्ता करणे अशी कामे सुरू करता येतात. मात्र पंधरा-वीस पोळ्या उभ्याने लाटणे म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर आणि पोट ताणून ठेवणे. ते काम चौथ्या आठवड्यानंतर आणि टप्प्याटप्प्याने करावे. उकिडवे बसून फरशी पुसणे आणि कपडे आपटणे ही कामे सहा आठवड्यांनंतरच, डॉक्टरांनी तपासल्यावर. सहाव्या आठवड्यापर्यंत रोज सलग तीस मिनिटे न थकता चालता यावे, हे उद्दिष्ट ठेवावे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांना चालण्याचे टप्पे लवकर गाठता येतात. वजनाचा नियम मात्र त्यांनाही लागू आहे.

आज किती करावे, याचे माप दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. आदल्या दिवशीच्या कामाने दुखणे, रक्तस्राव किंवा थकवा वाढला असेल, तर एक पायरी मागे यावे आणि दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करावा. पहिले काही आठवडे थोडा तपकिरी किंवा गुलाबी स्राव होणे स्वाभाविक आहे. तो वाढला तर मात्र दखल घ्यावी.

दुचाकी चालवण्याची घाई करू नये. शहरातले खड्डे आणि गतिरोधक यांचा हादरा थेट ओटीपोटाला बसतो. ऐनवेळी ब्रेक मारताना पोटाला कळ येणार नाही, अशी स्थिती आल्यावरच आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनंतर वाहन हाती घ्यावे. मुंबईत लोकलने कामावर जाणाऱ्या स्त्रियांनी बैठे काम लवकर सुरू केले, तरी गर्दीच्या वेळेतला प्रवास काही आठवडे टाळता येईल का, हे कार्यालयात बोलून घ्यावे. कार्यालयातल्या आठ तासांपेक्षा डब्यातला एक तास अनेकदा अधिक कष्टाचा असतो.

पोटपट्ट्याबाबतही गैरसमज आहेत. पट्ट्याने आधार वाटतो आणि चालताना बरे वाटते, हे खरे. पण पट्टा स्नायूंचे काम करतो, स्नायू घडवत नाही. दिवसरात्र बांधून ठेवला, तर पोट सपाट होण्याऐवजी स्नायू आळशी होतात.

ताटात काय असावे

जखम भरून येते ती प्रथिनांमुळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही गरज दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत वाढते, म्हणजे त्याच स्त्रीला रोज ६५ ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

आपल्याकडे आजारपणातला आहार म्हणजे मऊ भात, साबुदाण्याची खीर, पेज आणि चहा-बिस्किटे. हे सारे पचायला हलके असते, पण त्यात प्रथिने नाममात्रच असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, एक पेला दुधात ६ ते ७ ग्रॅम आणि एक वाटी घट्ट वरणात जवळपास तेवढीच. शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम आणि तेवढ्याच बांगड्यासारख्या मासळीतून जवळपास २० ग्रॅम प्रथिने मिळतात. हिशेब सोपा आहे. प्रत्येक जेवणात घट्ट वरण किंवा उसळ, सोबत दही, सकाळी अंडे किंवा मुगाचे धिरडे, दुपारी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे, रात्री दूध. शाकाहारी घरात पनीर किंवा सोयाबीनचा पदार्थ रोज एकदा तरी असावा. पेज द्यायचीच असेल, तर ती मुगाची डाळ घालून करावी.

‘भाताने टाके पिकतात’, ‘दह्याने जखम चिघळते’, ‘अंडे उष्ण पडते’ असे समज अजूनही घट्ट आहेत. यांतल्या एकालाही वैद्यकशास्त्राचा आधार नाही. जखम चिघळते ती जंतुसंसर्गामुळे आणि अनियंत्रित रक्तशर्करेमुळे. मधुमेह असलेल्या स्त्रीने पथ्याच्या यादीपेक्षा साखरेच्या आकड्यांकडे लक्ष द्यावे. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर ही बाळंतिणीची खाद्ये शस्त्रक्रियेनंतरही आवर्जून दिली जातात. अळिवात लोह भरपूर असते, तेव्हा ते जरूर घ्यावे. पण रोजचे दोन-तीन तुपाळ लाडू आणि घटलेली हालचाल यांची बेरीज वजनात होते. ‘पिशवी काढल्याने जाडी वाढते’ ही तक्रार पुष्कळदा इथे जन्म घेते.

बद्धकोष्ठता हा या काळातला छोटा वाटणारा, पण फार त्रास देणारा प्रश्न. भूल, वेदनाशामके आणि लोहाच्या गोळ्या यांमुळे तो उद्भवतो आणि कुंथल्याने आतल्या टाक्यांवर ताण येतो. पुरेसे पाणी, पपई, पालेभाजी आणि रात्री इसबगोल यांनी बहुधा काम भागते. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट घ्यावा. तरीही त्रास राहिला, तर डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक घ्यायला संकोच करू नये.

थकव्याचे मूळ रक्तात

‘ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, तरी अंगात त्राण नाही,’ अशी तक्रार असते तेव्हा सर्वप्रथम हिमोग्लोबिन पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अतिरक्तस्रावामुळे गर्भाशय काढावे लागलेली स्त्री तर शस्त्रक्रियेआधीच वर्षानुवर्षे रक्त गमावत आलेली असते. त्यात शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावाची भर पडते.

गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर तो रक्तक्षय समजला जातो. लोहाच्या गोळ्यांनी आकडा सुधारला की अनेकजणी गोळ्या बंद करतात. रक्तातला आकडा भरून आला तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामाच असतो. तो भरण्यासाठी पुढे सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. गोळीसोबत किंवा जेवणाच्या लगेच आधी-नंतर चहा-कॉफी घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही; निदान तासाभराचे अंतर ठेवावे. लिंबू, आवळा किंवा पेरू यांमुळे शोषण वाढते. हिमोग्लोबिन चांगले असूनही थकवा टिकला, तर थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्यावी.

अंडाशय गेल्यावर

नैसर्गिक ऋतुनिवृत्ती भारतात सरासरी ४६-४७ वर्षांच्या सुमारास येते. त्याआधी दोन्ही अंडाशय काढले गेले, तर अंगातून गरम वाफा येणे, रात्रीचा घाम, झोपमोड, योनीचा कोरडेपणा ही लक्षणे काही दिवसांतच आणि तीव्रतेने सुरू होतात. न दिसणारा परिणाम अधिक गंभीर असतो. इस्ट्रोजेन एकाएकी थांबल्याने पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने घटते आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००६च्या अभ्यासात, ४५ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशय काढले गेलेल्या आणि त्यानंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

संप्रेरक उपचारांची भीती आपल्याकडे २००२ सालापासून पसरली. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतला इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याने थांबवावा लागला. पण गर्भाशय नसलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देण्याचा भाग वेगळा होता. २००४ साली तो पक्षाघाताचा धोका वाढल्याने थांबवला गेला. त्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र वाढलेले आढळले नाही. चाचणीतल्या स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या. चाळिशीत अंडाशय गमावलेल्या स्त्रीची स्थिती वेगळी असते. काही विशिष्ट आजार नसतील, तर नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी इस्ट्रोजेन घ्यावे, असे आज तज्ज्ञ सुचवतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा विकार असलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. म्हणूनच हा निर्णय ऐकीव भीतीवर सोडू नये आणि मनाने औषध सुरूही करू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांशी या विषयावर स्वतंत्रपणे बोलावे.

अंडाशय ठेवलेले असले तरी ऋतुनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. पाळीच नसल्याने तिची चाहूल लागत नाही. घाम आणि झोपमोड या लक्षणांकडे म्हणूनच लक्ष ठेवावे. हाडांसाठी रोज १००० मिलिग्रॅम आणि ऋतुनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. दूध, दही, नाचणी, तीळ आणि हाडांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी हे त्याचे उत्तम स्रोत.

सहा आठवड्यांनंतरचा व्यायाम

सहाव्या आठवड्याच्या तपासणीनंतर बहुतेकजणी ‘आता सारे ठीक’ म्हणून व्यायामाचा विचार सोडून देतात. ताकद कमावण्याचा खरा काळ तिथूनच सुरू होतो.

पहिली पायरी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडलेले व्यायाम आजही तेवढेच उपयुक्त आहेत. लघवी व वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच श्वास न कोंडता पाच सेकंद आवळावेत आणि तेवढाच वेळ सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. मूत्रनलिका काढल्यानंतर आणि डॉक्टरांच्या संमतीने ते लवकरही सुरू करता येतात. गर्भाशय खाली सरकल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्यांनी ते आयुष्यभर करावेत.

दुसरी पायरी मांड्यांची. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठावे आणि सावकाश बसावे. सुरुवातीला पाच वेळा, मग आठवड्यागणिक एक-दोनची भर घालत पंधरापर्यंत जावे. आपली ताकद वाढते आहे का, हे पाहण्याचे यासारखे सोपे साधन नाही. तिसरी पायरी वजनांची. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन दंडाचे व खांद्याचे व्यायाम सुरू करावेत आणि तीन महिन्यांनंतर एक-दोन किलोंच्या डंबेल्सकडे वळावे. वजन उचलल्याने हाडांवर येणारा हलका ताणच हाडे टिकवून धरतो.

योगासने पूर्वीपासून करणाऱ्या स्त्रियांनी श्वसनाचे हलके प्रकार आणि शवासन आधी सुरू करावे. भुजंगासन, धनुरासन, नौकासन यांसारखी पोटावर ताण देणारी आसने, कपालभाती आणि सूर्यनमस्कार किमान तीन महिने टाळावेत आणि पुढेही जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली सुरू करावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत या मापापर्यंत पोहोचणे बहुतेकींना शक्य असते.

मन आणि सहजीवन

गर्भाशय गेले म्हणजे बाईपण गेले, ही समजूत स्त्रीच्या मनाला आतून पोखरते. काहीजणींना रक्तस्रावाच्या जाचातून सुटल्याचा आनंद होतो, तर काहींना अकारण रडू येते. दोन्ही स्वाभाविक आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, भूक आणि झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

शरीरसंबंध सहा ते आठ आठवडे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास बारा आठवड्यांपर्यंत टाळावेत. हे पतीलाही डॉक्टरांनीच सांगितलेले बरे. आतले टाके भरून आल्यानंतर बहुसंख्य स्त्रियांच्या कामजीवनात बाधा येत नाही. पूर्वी वेदना आणि रक्तस्राव असलेल्यांना उलट आराम वाटतो. कोरडेपणासाठी वंगण देणारी जेली किंवा डॉक्टरांनी दिलेले इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते.

विश्रांती कोणाला परवडते?

या साऱ्या सल्ल्यांमागे एक गृहीतक आहे. सहा आठवडे काम थांबवता येईल, हे ते गृहीतक. केरळ सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना या शस्त्रक्रियेसाठी ४५ दिवसांच्या विशेष रजेची तरतूद केली आहे. मातृत्व लाभ कायद्यात मात्र तिचा उल्लेख नाही. असंघटित क्षेत्रातील स्त्रीला तर रजा म्हणजे बुडालेला रोज.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत हे वास्तव २०१९ साली उघड झाले. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याची माहिती त्या वर्षी विधान परिषदेत देण्यात आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे काम बुडू नये, खाडा पडून दंड बसू नये, हे त्यामागचे एक मोठे कारण. शस्त्रक्रियेसाठी उचल घेतलेली स्त्री पुन्हा लवकरच फडात उतरते आणि मोळ्या डोक्यावर वाहते. कंबरदुखी, अशक्तपणा आणि अकाली झिजलेली हाडे हे त्याचे परिणाम.

केंद्र सरकारने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. कर्करोग नसेल, तर अतिरक्तस्रावावर औषधे, संप्रेरकयुक्त तांबीसारखे साधन, फक्त गाठ काढणे असे पर्याय असतात. चाळिशीच्या आत हा सल्ला मिळालेल्या प्रत्येक स्त्रीने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. शहरातल्या घरांसाठीही यात एक धडा आहे. धुणे-भांडी करणाऱ्या बाईंची अशी शस्त्रक्रिया झाली, तर सहा आठवड्यांचा पगार न कापणे हा तिच्या उपचारांचाच भाग मानायला हवा.

तातडीने डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर जाऊन टिकून राहिला, किंवा थंडी वाजून आला तर
• तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव झाल्यास
• एका पायाची पोटरी सुजली, लाल झाली किंवा दुखू लागली तर
• एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर
• लघवी होत नसेल, किंवा योनीवाटे पाण्यासारखे सतत झिरपत असेल तर
• पोट फुगून उलट्या होत असतील तर
• जखम लाल होऊन पू आला, किंवा टाके उसवले तर
• योनीवाटे काही बाहेर येत असल्याचे जाणवले तर

यांतले काहीही झाल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरील स्त्रीपुढे अजून सरासरीने पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य असते. ते तिने स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या बळावर काढावे, असे वाटत असेल, तर शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने घरातल्या सर्वांनी तिच्या कामाची वाटणी करून घ्यावी. तिच्या ताटात डाळ-उसळ आधी वाढली जावी, रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याला सोबत मिळावी आणि डिस्चार्ज कार्ड कपाटात न पडता पुढच्या प्रत्येक तपासणीला तिच्यासोबत जावे. या गोष्टींना खर्च फारसा येत नाही. त्या कोणीतरी लक्षात ठेवाव्या लागतात, एवढेच.